मेलेला दरोडेखोर उठला

लोन पाइन गावाजवळच्या खडकांत घोड्यांवरचे स्वस्तातले सिनेमे निघत, तेव्हा मी घोडे सांभाळायचो. आमचा ऑर्विल टॅकेट दरोडेखोर व्हायचा. काम एकच : गोळी लागली की धावत्या घोड्यावरून खाली पडायचं.

मूकपट होते तोवर सुखात चाललं होतं. मग बोलपट आले, माइक आला आणि ऑर्विलची खोड उघडी पडली. पडताना तो बायकोच्या, ड्रुसिलाच्या, नावानं बोंब ठोकायचा, "ड्रुसीऽऽ!"

पिंकनी साहेब, आमचे दिग्दर्शक, कपाळाला हात लावत. "अरे, खुंखार दरोडेखोर तू! मरताना बायको कसली आठवतोस?"

"साहेब, मी कुठं आठवतो? तोंडातून आपोआप निघतं."

तोंडात रुमाल कोंबून पाहिला. पडताना तो बाहेर उडाला आणि "ड्रुसी" आणखीच खणखणीत आली. पुन्हा चित्रण करायला फिल्म परवडत नव्हती, म्हणून बोंब तशीच राहिली.

गावात सिनेमा लागला आणि थिएटर हसून लोळलं. दुसऱ्या दिवशी वाण्याकडे, चर्चमध्ये, जो तो ड्रुसिलाला त्याच सुरात हाक मारायला लागला. ती तडक शूटिंगवर आली.

"माझ्या नावाचे धिंडवडे काढता होय?"

पिंकनी साहेब पक्के. म्हणाले, "बाई, लोकांना तुम्हालाच बघायचंय. पुढच्या सिनेमात तुम्ही या दरोडेखोराची विधवा. प्रेताजवळ बसायचं, रडायचं. बास."

ती नको नको म्हणत तयार झाली.

ऑर्विल पडला, बोंबलला, मेला. काळ्या कपड्यांतली ड्रुसिला धावत आली, गुडघ्यावर बसली. रडेल म्हणून आम्ही श्वास रोखले. तिनं जमिनीला हात लावला आणि खेकसली, "अरे, चिखलात काय लोळतोस! कंबर धरली की रात्रभर मीच चोळायची. ऊठ आधी!"

आणि प्रेत मुकाट्यानं उठलं.

"कट! मूर्खा, मेलेला माणूस उठतो का?"

"तिनं ऊठ म्हटल्यावर, साहेब?" ऑर्विल चिखल झटकत म्हणाला.

फिल्म संपली होती. साहेबांनी डोकं लढवलं : गोळी नुसती चाटून गेली, असं एक वाक्य सिनेमातल्या शेरीफच्या तोंडी घातलं. तो सिनेमा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त चालला. त्यानंतर ऑर्विल पडद्यावर पडायचा भरपूर, पण कधी मेला नाही. दर वेळी बायको त्याला रागावून घरी न्यायची.

ड्रुसिलानं मात्र त्यातला एकही सिनेमा पाहिला नाही. म्हणायची, "त्यात मी जाड दिसते म्हणे."