मूठभर कोंडा देऊन घेतलेले मूल

काशीअक्कांना मी पहिल्यांदा पाहिले ते लग्न होऊन रामनगरजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा. मी खानापूरकडची, मराठी सहावीपर्यंत शिकलेली, वय पंधरा. विहिरीवर त्यांनी विचारले, "काय गं शाळेच्या बाई, पानी शेंदता येतंय का नुसती कविताच म्हनता येती?" मला भरलेली घागर उचलेना. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या, पण हात लावला नाही. दुसऱ्या खेपेला मला जमले, तेव्हा म्हणाल्या, "व्हय, आता घरला जा."

आज अक्कांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. भातलावणीला आणि जंगलच्या कामाला जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी त्यांनी महिला मंडळात पाळण्यांची खोली सुरू केली, तिथे मी त्यांच्या हाताखाली काम करते. त्यांच्या या गौरव अंकासाठी लिहायला सांगितले तेव्हा मी घाबरले. मंगल प्रसंगी माझ्यासारख्या विधवेचे अक्षर कशाला, असे कोणी म्हणेल असे वाटले. अक्कांच्या कानावर ते गेले. "माझी म्हस काळी हाय म्हनून दूध काळं देती व्हय?" एवढेच म्हणाल्या. म्हणून लिहीत आहे.

आमच्या घरी मुले जगत नसत. सासूबाईंची पहिली दोन बाळे गेली होती, थोरल्या जाऊबाईंना मूल झालेच नव्हते. म्हणून माझा मुलगा जन्मला तेव्हा सासूबाईंनी रीत करायची ठरवली. बाळाला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचे, आणि जिची सगळी मुले जगली आहेत अशा बाईने मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचे. मग ते आपल्या घरचे राहत नाही, आणि सटवाईची नजर चुकते. पाचव्या वर्षापर्यंत ते त्या बाईचे. आई फक्त सांभाळणारी. शेजारच्या अक्कांची पाचही मुले जगली होती; त्यांनी कोंडा दिला आणि सूप उचलले. बाळाचे नाव कोंडाजी ठेवले.

कोंडाजी तीन महिन्यांचा असताना अणशीकडे लाकूडतोडीवर गेलेले माझे यजमान झाडाखाली सापडून गेले. त्याबद्दल मला अधिक लिहिता येत नाही.

तेरावे झाले त्या दिवशी ओसरीवर बैठक बसली. मी स्वयंपाकघरात बाळाला घेऊन भिंतीला टेकून बसले होते आणि बाहेरचे सगळे ऐकू येत होते. मूल जाऊबाईंच्या पदरात घालायचे आणि मला माहेरी पाठवायचे, असे ठरत होते. सासूबाईंचे भाऊ म्हणाले, "बारीक पोर हाय ती. तिला सोताचं नाक पुसता येईना, पोराचं काय पुसनार?" बाळ रडले तर त्यांना आठवण होईल आणि आत्ताच न्यायला येतील, असे वाटून मी त्याला पाजतच राहिले.

तेवढ्यात अक्का शेतातून तशाच आल्या. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता, तो मला दाराच्या फटीतून दिसला.

"नाक पुसायचं वयावर असतंय व्हय, मामा? तुमच्या नाकाला साठ वर्सं झाली, अजून गळतंय."

अक्कांनी सासूबाईंना विचारले, "वैनी, सुपातनं पोर कुनी उचललं?"

"तूच की."

"मग माझं पोर दुसरीच्या पदरात घालताय, मला इचारलं?"

थोरले दीर म्हणाले, "अक्का, ती नुसती रीत असती."

"बरं. नुसती रीत हुती, आता मोडली, असं सटवाईला तुम्हीच सांगा. मी जाते."

मग सासूबाईंचा आवाज आला. तो इतका घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता. "न्हाई गं काशे, तसलं तोंडातनं काढू नको. पोर तुझंच हाय."

"माझं हाय तर मी त्याला त्याच्या आईजवळ ठेवलंय. आनि मामा, मी चौदाव्या वर्साला आई झाले. तू पोर हायस, तुला जमनार न्हाई, असं मला कुनी म्हनलं न्हाई. नवरा जिता हुता म्हनून."

नंतर त्या आत आल्या. भिऊ नको, असे म्हणाल्या नाहीत. "भी खुशाल," म्हणाल्या, "पन पोर हातातनं सोडू नको."

मी खरोखरच भीत राहिले. आमच्या भागातला हिवताप सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यानंतर कोंडाजीला थंडी वाजून ताप भरला. बाळ जाईल ही भीती होतीच, पण हिच्या हातात दिले म्हणूनच असे झाले, असे सगळे म्हणतील, याचीही होती. अक्कांनी गाडी जुंपून आम्हाला सुप्याच्या दवाखान्यात नेले. कंपाउंडरने त्यांच्याकडे बघून विचारले, "आई कोण?" अक्कांनी माझ्याकडे बोट केले. कडू औषध पाजताना बाळ किंचाळत होते, निम्मे औषध माझ्या लुगड्यावर सांडत होते, आणि अक्का शेजारी पदर सावरून बसून होत्या. परतताना मी विचारले, बाळाला तुम्ही का नाही घेतलेत? "मी घेतलं असतं तर तुझ्या हाताला सवय कवा लागनार हुती?" ताप उतरला.

जाऊबाई माझ्याशी बोलत नसत. बैठकीआधीच त्यांनी टोपडे शिवून ठेवले होते. अक्कांनी त्यांचे दुःखही सोडले नाही. जंगलमजुरांच्या वस्तीवर एक बाई बाळंतपणात गेली. तिच्या नवऱ्याने मोठा मुलगा स्वतःजवळ ठेवला. बाप्या काय पोर वाढवणार, म्हणून लोक त्याला हसत. अक्का त्याला खिचडी मऊ कशी करायची ते दाखवून आल्या. तान्ही मुलगी त्याने आपल्या राजीखुशीने जाऊबाईंना दिली. अक्कांची अट एकच होती: मुलीपासून काही लपवायचे नाही. तो अजून तिला भेटायला येतो, आणि त्याला ओसरीवर नाही, आत चुलीजवळ बसवतात.

तरी पाचवे वर्ष जवळ आले तशी माझी झोप गेली. अक्कांचा हक्क संपणार होता. मूल परत करताना ते कोणाच्या पदरात घालायचे, हे घरची मोठी बाई सांगते, आणि विधवेची ओटी तर कोणी भरत नाही. त्या दिवशी मी दाराआड उभी होते. अक्कांनी कोंडाजीला कडेवर घेऊन सासूबाईंना विचारले, "वैनी, कुनाच्या पदरात घालू?"

सासूबाईंनी आधी जाऊबाईंकडे पाहिले. जाऊबाई आपल्या मुलीला घेऊन तिथेच होत्या. त्यांनी मागे वळून माझ्या दंडाला धरले आणि मला पुढे केले. सासूबाई म्हणाल्या, "घाल. पदर पसर गं."

कोंडाजी यंदा मॅट्रिकला आहे.

माझी भीती गेली असे मी म्हणणार नाही. अलीकडे अक्कांना खोकला असतो, आणि औषधाचे नाव काढले की त्या चिडतात. पाळण्यांच्या खोलीत आजही सोळा-सतरा वर्षांच्या मुली कडेवर मूल घेऊन येतात आणि आधी अक्का आहेत का ते बघतात. देवाने अक्कांना उदंड आयुष्य आणि चालते पाय द्यावेत. यात माझा स्वार्थ आहे. त्या आहेत तोवर आमच्या भागात कोवळ्या आईच्या हातातून तिचे मूल काढून घ्यायला कोणी धजत नाही. त्यांच्यानंतर ओसरीवर उभे राहून बोलायचे मला जमेल की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.