अंधाराचा पुरावा

लॅबमध्ये मुद्दाम विनोद कुणीच करत नाही. तरी आमच्या वाशीच्या लॅबमधले किस्से साठत जातात, कारण आम्ही सगळे अतिशय गंभीर चेहऱ्याने अंधारात काम करतो.

अंधार हवाच. आमच्याकडे धातूची अशी संयुगं बनतात, जी अंधारात गपचूप पडून राहतात आणि निळा प्रकाश पडला की जागी होऊन बॅक्टेरिया मारतात. मी इथली मशिनं सांभाळतो. सध्याचं संयुग प्रतीक्षाचं. ती जासईची, पीएचडीचं शेवटचं वर्ष. आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर तिच्या गाईड, म्हणजे मॅडम.

*

प्रतीक्षाच्या आईने एकदा तिला विचारलं, तू दिवसभर नेमकं करतेस काय? तिने सोपं करून सांगितलं की लाईट लावली की जंतू मरतात.

आईने घरातल्या ट्यूबकडे बघितलं. "मंग आपले घरान का नाय मरत?"

प्रतीक्षा म्हणाली, आपल्या घरात माझं औषध नाही ना.

"मंग आन ना थोरासा."

ही मागणी मॅडमपर्यंत अजून पोचलेली नाही.

*

डार्करूममध्ये लाल बल्ब असतो. त्या उजेडात संयुग जागं होत नाही. एकदा प्रतीक्षाने शिस्त लावली: बॅक्टेरियाच्या प्लेटांपैकी उजेडात ठेवायच्यांवर काळ्या मार्करने नावं लिहायची, अंधारातल्यांवर लाल मार्करने. आत जाऊन दार लावलं, तर निम्म्या प्लेटा कोऱ्या. लाल उजेडात लाल अक्षर दिसत नाही, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं. तिने मला आत बोलावून विचारलं, नावं कुणी पुसली?

मीही चष्मा पुसून नीट बघितलं. खरंच पुसली होती.

*

मॅडमचा एक नियम आहे. "फोटो नाही, तर काम झालंच नाही."

सिंकचा नळ गळत होता. प्लंबरने येऊन दुरुस्त केला, तर मॅडमनी त्याच्याकडे आधीचा फोटो मागितला. बिचाऱ्याने पाना काढला आणि निमूटपणे नळ पुन्हा सैल केला.

*

मग प्रतीक्षाचा शेवटचा प्रयोग आला. निळ्या दिव्याखालचे बॅक्टेरिया मेले. छान. पण अंधारातलेही मेले. पुन्हा केला, पुन्हा तेच.

"अंधारातही मारतं ते नुसतं विष," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यावर थिसिस होत नाही."

पोरीने डबा उघडायचं सोडलं. मला फार वाईट वाटत होतं. आम्ही दाराच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या, किल्लीच्या भोकात कापूस कोंबला. प्रयोग तिसऱ्यांदा करायच्या आधी मॅडमनी आधीचे सगळे फोटो मागवले. अंधारातल्या प्लेटांचे, रोजचे, सगळ्या बाजूंनी काढलेले.

"सुंदर आलेत," मॅडम म्हणाल्या. मग थांबल्या. "अंधारात इतके सुंदर कसे आले?"

प्रतीक्षाने हातातल्या मोबाईलकडे बघितलं. "टॉर्च लावून काढले, मॅडम. तुम्हाला क्लिअर लागतात."

मोबाईलच्या टॉर्चमध्ये निळा प्रकाश भरपूर असतो.

*

तिसऱ्या वेळी मोबाईल बाहेर ठेवला. अंधारातले बॅक्टेरिया जगले, प्लेटभर माजले. जंतू जगले म्हणून पेढे वाटणारी आमची एकमेव लॅब असावी.

पण नियम तो नियम. अंधारातल्या प्लेटचा फोटो थिसिसमध्ये हवाच होता. प्रतीक्षाने तो टॉर्चशिवाय, बल्बशिवाय काढला आणि रीतसर छापला: अख्खं पान काळं, खाली आकृती क्रमांक.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर पानं उलटत उलटत तिथे थांबले.

"हे काय?"

"अंधार, सर. यातच ते जगले."

सरांनी पान खिडकीजवळ नेलं. चष्मा वर केला, खाली केला. मॅडम छताकडे बघत होत्या. प्रतीक्षाची सगळी वर्षं त्या काळ्या पानावर येऊन अडकली होती.

"थोडा हललाय," सर म्हणाले, आणि सही केली.