देशपांडे नगरातून गेलेली बातमी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि त्यांतले बरेचसे विसरलोही. हुबळीतलं एक साधं मारामारीचं प्रकरण मात्र मनातून जात नाही.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी तिथे फौजदार होतो. एका सकाळी महाविद्यालयाच्या वसतिगृहातून फोन आला. दोन आफ्रिकन विद्यार्थ्यांत मारामारी होऊन एकाचं डोकं फुटलं होतं. जखमीला दवाखान्यात पाठवलं आणि मारणाऱ्याला ठाण्यात आणलं. उंच, सडपातळ पोरगा होता. मी ठाणे डायरीत नोंद करत होतो, तेवढ्यात हेड कॉन्स्टेबल आत येऊन हळूच म्हणाला, "साहेब्र, हुडुग अळाकत्तान." पोरगा रडत होता.

त्याला पाणी दिलं आणि जबाब घ्यायला बसलो. त्याच्या देशाचं नाव तेव्हा ऱ्होडेशिया. तिथे मूठभर गोऱ्यांचं राज्य होतं आणि हा इथल्या सभांतून त्याविरुद्ध बोलायचा. गावी वडील शाळामास्तर होते. त्यांना तिथल्या पोलिसांनी उचललं होतं. मावसभावाने सीमा ओलांडल्यावर शेजारच्या देशातून याला तसं कळवलं होतं.

"माझी भाषणं त्यांना पाठ आहेत," तो म्हणाला. "मला इथे बाळू म्हणतात, हेसुद्धा त्यांनी वडिलांना ऐकवलं."

"बाळू कोण म्हणतं तुला?"

"मी ज्यांच्याकडे राहतो, त्या अक्का. आणि ज्याला मी मारलं, तो. तिथे जेवायला यायचा, चिडवायचा. माझ्या देशाचा इथे तो एकटाच. सुट्टीत लंडनला जाऊन आला, तिथे त्या सरकारची माणसं आहेत. दुसरं कोण सांगणार?"

दवाखान्यात जखमीचा जबाब घेतला. डोक्याला पट्टी होती, पण त्याला दुखत होतं ते वेगळंच. "माझा भाऊ तिकडे जंगलात लढतोय, साहेब. मी मित्राच्या बापाला धरून देईन?"

खोटं बोलणारा माणूस उत्तर देऊन, ते पटलं का म्हणून तुमच्याकडे बघतो. हा भिंतीकडे बघत होता. मला त्याचं खरं वाटलं. मग ते नाव माहीत असलेलं एकच माणूस उरलं. ठाण्यात परतून मी तसं सुचवताच पोरगा उसळला. "अक्कांचं नाव घेऊ नका!"

अक्का म्हणजे हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या विधवा शिक्षिका, देशपांडे नगरात एकट्या राहायच्या. मी साध्या कपड्यांत गेलो. दार उघडताच त्या म्हणाल्या, "सोडलंत का त्याला? उपाशी असेल हो सकाळपासून. डबा भरूनच ठेवलाय."

बसलो. विचारावं लागलंच नाही. बाळू भाकरी कशी खातो, कानडी कशी चुकवतो, सभेत बोलला तेव्हा किती टाळ्या पडल्या, सगळं त्या सांगत सुटल्या.

"अक्का, हे कौतुक आणखी कुणाला सांगता?"

"मला कोण आहे सांगायला? मिसबाईंना लिहिते."

मिसबाई म्हणजे पूर्वी त्यांच्या शाळेत शिकवायला आलेली इंग्लिश बाई. मायदेशी गेल्यावरही त्यांची पत्रं येत.

"आताशा त्याच विचारतात," अक्का म्हणाल्या. "सभेत काय बोलतो, वडील काय करतात, गाव कुठलं. फार आपुलकी आहे त्यांना."

मिसबाई एक मासिकही पाठवायच्या. अक्कांनी गठ्ठा पुढे ठेवला. मी पानं चाळली. आफ्रिकेत गोऱ्यांचंच राज्य राहावं म्हणून खटपट करणारी इंग्लंडमधली एक संस्था ते काढत होती आणि कार्यकर्त्यांच्या फोटोत अक्कांनी मला मिसबाई दाखवल्या, अगदी हौसेने.

"हे वाचलंत का कधी?"

"नाही हो. बारीक अक्षर दिसत नाही. फोटो बघते."

मग ही संस्था काय करते आणि बाळूच्या वडिलांचं काय झालं, ते मला सांगावंच लागलं. त्यांनी मासिकांचा गठ्ठा दूर सारला. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातून गेलं." आणि डबा उचलत, "तुम्ही बोलू नका त्याच्याशी. मी सांगते."

ठाण्यात खुर्ची दिली, तरी त्या उभ्याच राहिल्या. "बाळू, मी लिहिलं रे. तुझं कौतुक वाटायचं म्हणून लिहिलं. ते लोक कोण आहेत, मला कळलं नाही."

 पोरगा उठून बाहेर गेला, तो सरळ दवाखान्यात, मित्राकडे. मी अडवलं नाही, हेड कॉन्स्टेबलला मागे पाठवलं. डबा माझ्या टेबलावर तसाच राहिला.

मित्राने तक्रार मागे घेतली. ओळखीच्या बाईला पत्र लिहिणं हा गुन्हा नव्हे, त्यामुळे अक्कांवर काही लागू होत नव्हतं. माहिती त्या संस्थेतून पुढे कुणी पोचवली, हे हुबळीत बसून सिद्ध करता येणार नव्हतं. मी वरिष्ठांकडे अहवाल पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही.

पोरगा मित्राच्या खोलीवर राहायला गेला. अक्का अधूनमधून ठाण्यात यायच्या, दारातूनच विचारायच्या, "जेवतो का हो नीट?" मी हेड कॉन्स्टेबलला वसतिगृहाकडे चक्कर मारायला सांगायचो. बंदोबस्ताच्या नोंदीत बसणारं ते काम नव्हतं.

काही आठवड्यांनी तो मला बाजारात दिसला. एका हातात भाजीची पिशवी होती, दुसऱ्या हाताने अक्कांना रस्ता ओलांडून देत होता. त्या दुकानात शिरल्यावर मी त्याला विचारलं, "राग गेला?"

"नाही गेला," तो म्हणाला. "पण रागवायलासुद्धा आपलं माणूस लागतं, साहेब. इथे मला घरचं असं त्या एकट्याच आहेत."

पुढे त्या देशातली राजवट बदलली. एका दुपारी अक्का धापा टाकत आल्या आणि पहिल्यांदाच न सांगता खुर्चीवर बसल्या. "सुटले," एवढंच म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. बाळूचे वडील जिवंत घरी पोचले होते.

तोवर मला वाटायचं, बातमी फुटली की मागे कुणाचं तरी वैर असणार, लोभ असणार. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी अशा प्रत्येक तपासात आधी एकच विचारत आलो, या माणसावर जीव कुणाचा आहे? जीव लावणारं माणूस सगळं सांगून टाकतं, आणि ऐकणारा कोण आहे हे बघायचं त्याला सुचत नाही. अशा माणसासमोर बसताना मी फौजदाराची टोपी काढून ठेवायला शिकलो.