शेजाऱ्याचं विमान आणि माझी गंजी

प्रवरेकाठच्या बेलापूरच्या अलीकडं आमचं शेत. शेजारी बडा बागाईतदार. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला त्यानं दोन माणसांचं छोटं विमान आणलं आणि आमच्या बांधाला लागून धावपट्टी केली. मी तिसरी शिकलेला माणूस, पण खरं लिहितो. ते विमान उडालं की मी नुसता जळायचो. त्यात एकदा तरी बसावं असं फार वाटे. पण मागणार कोण? आमच्या घराण्यात कुणी मागितलेलं नाही.

सुख एकच होतं. सरकार त्याला छळत होतं. तो बांधावर बसून रडगाणं गायचा, "दादा, माझा परवाना येगळा, इमानाचा येगळा, पट्टीचा येगळा. पेट्रोलवर कर. कुठं गेलो, कवा आलो, समदं वहीत लिवायचं. दरसाल मुंबईचा सायेब तपासायला येतो."

"मग बैलगाडी घ्या," मी म्हणायचो. "वंगण घातलं की झालं." त्या रात्री मला भाकर गोड लागायची.

त्या साली ज्वारी निघाल्यावर कडब्याची गंजी मी वस्तीवर न रचता मुद्दाम पट्टीच्या तोंडाला, माझ्याच बांधावर रचली. चांगली उंच. साहेब आला, गंजीकडं बघितलं आणि म्हणाला, ही अडचण काढा, नाहीतर पट्टीचा परवाना पुढं चालू राहणार नाही.

बागाईतदार स्वतः आमच्या ओट्यावर आला. "दादा, गंजी हलवू. मानसं माजी, गाड्या माज्या."

"रचलेली गंजी पावसाआधी मोडत न्हाईत," मी म्हणालो. हा आमच्याकडचा रिवाज खराच आहे. मोडलेल्या गंजीत पाणी शिरतं, कडबा काळा पडतो.

तो म्हणाला, "तुमाला इमानातनं चक्कर मारून आनू का?"

तोंडात 'चला' आलं होतं. पण गंजीच्या बदल्यात? मी म्हणालो, "आमचे पाय जमिनीवर बरे हायती."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. आणखी एकदा तरी विचारायचं होतं.

पट्टीचा परवाना पुढं मिळाला नाही. करांना तो आधीच वैतागला होता, त्यानं विमान परमुलखात विकलं. जुन्या परवान्याची मुदत संपायला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत त्यानं गावातल्या ज्याला हवं त्याला वर फिरवलं. न्हावी बसला, शाळेचे मास्तर बसले. रांग आमच्या बांधापर्यंत आलेली. मी गंजीला टेकून कडब्याच्या पेंढ्या मोजल्यासारखं करत होतो. बघतो तर रांगेत आमची मंडळी! मला न विचारता. डोक्यावरचा पदर दातात धरून ती आत बसली आणि माझ्या डोक्यावरून गेली.

संध्याकाळी जेवायला वाढताना म्हणाली, "अवो, वरून आपली गंजी लई बारकी दिसती. कोंबडीच्या खुराड्यावानी."

मी ताटावरून उठलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तोवर विमान कायमचं गेलं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"आन नदी? प्रवरा कशी दिसती वरून?"

"मला काय म्हाईत? गंजी गेल्यावर मी डोळं गच्च मिटलं ते खाली उतरल्यावर उघडलं."

सारी नदी खालून गेली आणि हिनं बघितली नाही. मी असतो तर पापणी लवू दिली नसती.