घाटातला ड्रॅगन आणि रणजीतच्या बंदुका

विजयश्रीनं इतिहासात एम.ए. केलं, लग्न करून मोशीला आली आणि गेलं वर्षभर एक ड्रॅगन पोसला. पहिल्या दोन गोष्टी सगळ्या सोसायटीला ठाऊक होत्या. तिसरी सुट्टीच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर चालायची.

खेळ असा, की विजयश्री गोष्ट सांगणार आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार. नवरा ओंकार तलवारबहाद्दर, त्याचा कंपनीतला मित्र रणजीत भाडोत्री शिपाई, रणजीतची बायको तनुजा जादूगारीण. आपण काय करणार ते ज्यानं त्यानं बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. एरवी विजयश्रीचं वाक्य संपायच्या आत कुणीतरी चहा मागायचं. इथं मात्र तिनं नुसतं ‘तेवढ्यात’ म्हटलं, की तीन इंजिनिअर श्वास रोखून बसत.

गोष्टीच्या शेवटी होता घाटातला ड्रॅगन. तो खिंड अडवून का बसलाय, राजावर एवढा का चिडलाय, हे सगळं तिनं भाज्या निवडता निवडता रचलं होतं. फक्त ते कुणीतरी त्याला विचारायला हवं होतं.

अशात रणजीतला बंदूक हवीशी झाली. तलवारी आहेत, किल्ले आहेत, मग बंदूक का नाही, असं त्यानं लावून धरलं. विजयश्रीतली एम.ए. जागी झाली. तिनं तोड्याची बंदूक दिली, पण अटी घालून. नळीत दारू ओता, गोळी टाका, गजानं ठासा, पेटता तोडा, म्हणजे सुताची जळती दोरी, लावा. एक बार काढायला चार डाव खर्ची. इतकी संथ वस्तू कोण घेतंय, असं तिला वाटलं.

चूक तिथंच झाली. चाकणच्या कारखान्यात ज्याचा जन्म लाइनवरचे सेकंद वाचवण्यात चाललाय, त्याला एखादी गोष्ट संथ आहे असं सांगू नये. रणजीतनं ओंकारलाही तलवार विकायला लावली आणि सगळ्या पैशांच्या बंदुका घेतल्या. गोष्टीतल्या गावची रिकामी माणसं कंत्राटावर लावली. एक दारू ओतणार, दुसरा ठासणार, तिसरा तोडा फुंकणार, बंदूक हातोहात पुढं सरकणार. आता दर डावाला एक बार. एवढ्यावर न थांबता त्यानं भंगारातल्या पितळेतून काडीएवढ्या बंदुका घडवून टेबलावर पात्रांच्या म्हणून मांडलेल्या बाहुल्यांच्या हातात दिल्या. बाहुलीच्या हातात जे हत्यार, तेच लढाईत चालायचं.

तनुजा तेवढी बंदुकीला शिवेना.

“माझ्या मंत्रांना तुझ्या लाइनवर काही काम आहे का रे?”

“आहे की,” रणजीत म्हणाला. “तोडा पेटवायचा.”

त्यावर ती त्याच्याशी आठवडाभर धड बोलली नाही म्हणे.

विजयश्रीनं पोळ्या लाटता लाटता लढाई मनात खेळून पाहिली. ड्रॅगन तोंड उघडायच्या आत मरत होता. वर्षाची गोष्ट दोन मिनिटांत आटोपणार, आणि त्यातलं निम्मं कुणी ऐकणारही नाही. पण शब्द देऊन बसलेली. आता नियम फिरवणं म्हणजे रडीचा डाव.

लढाईचा दिवस खंडेनवमीचा ठरला. सकाळी कंपनीत मशिनना हार घालून, लाइन बंद ठेवून, पेढे खाऊन मंडळी मोशीला आली. विजयश्रीच्या सासूबाई, सुभद्राबाई, हळदीकुंकवाचं ताट घेऊन घरभर फिरत होत्या. विळी झाली, मिक्सर झाला, ओंकारची दुचाकी झाली. रणजीतला भरून आलं. काकू, आमचीही हत्यारं आहेत, म्हणत त्यानं पितळी बंदुका ताटात ठेवल्या. सुभद्राबाईंनी एकेकीला कुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या आणि ताट देवापुढं ठेवलं.

टेबलावर ड्रॅगन खिंडीतून उठला. रणजीत ताटाकडं निघाला.

“हात न्हाई लावायचा,” सुभद्राबाई सोफ्यावरून म्हणाल्या. “पुजल्यालं हत्यार आज उचलत न्हाईत. उद्या दसरा झाला की घ्या.”

“काकू, खेळातली आहेत ती.”

“मग पुजाया कशाला दिली?”

रणजीतनं ओंकारकडं पाहिलं. ओंकारनं छताकडं. पुजलेल्या मशिनवर ‘एकच पार्ट काढतो’ म्हणणाऱ्या सुपरवायझरला दोघांनी सकाळीच झापलं होतं. रणजीत गुपचूप खुर्चीत बसला.

राहिली तनुजा. तिनं नवऱ्याकडं एकदा नीट बघून घेतलं आणि ड्रॅगनची भाषा कळायचा मंत्र टाकला. फासा चांगला पडला.

“त्याला विचारते,” ती म्हणाली, “तुम्ही इथं का बसलात?”

विजयश्रीनं आवाज खाली आणला. ड्रॅगन सांगू लागला. खिंड त्याच्या वाडवडिलांची. राजाला तिथून रस्ता काढायचा होता, बदल्यात पलीकडचं जंगल देतो म्हणाला. रस्ता झाला. जंगल राजाच्या मेव्हण्याला गेलं.

सोफ्यावर वाती वळणारे हात थांबले. सुभद्राबाईंच्या माहेरचं शेत असंच रस्त्यात गेलेलं.

“सातबारा कुणाच्या नावावर हाय?”

“आई, तो ड्रॅगन आहे,” ओंकार म्हणाला.

“असंना का. मोजणीला हजर व्हता का त्यो?”

हे काही विजयश्रीनं रचलेलं नव्हतं. जरा विचार करून ती म्हणाली, नव्हता, झोपला होता.

“थितंच फसला बघ,” म्हणत सुभद्राबाईंनी टेबलाशी खुर्ची ओढली.

नंतर फाशाला कुणी हात लावला नाही. ड्रॅगनला मारायला आलेला रणजीत त्याच्या खिंडीच्या हद्दी कागदावर आखत बसला. निघताना त्यानं चाचरत विचारलं, की पुढच्या वेळी बंदुका मोकळ्या असतील, त्यांचं काय करायचं.

“समद्या घिऊन या,” सुभद्राबाई म्हणाल्या. “राजाकडं जायचंय.”

कप गोळा करता करता विजयश्री थबकली. राजाचा किल्ला तिनं रचलाच नव्हता. तट नाही, बुरूज नाही, दरवाजासुद्धा नाही. कुकर लावून ती बोटांवर बुरूज मोजू लागली, तोच बाहेरून हाक आली.

“अगं ए, त्या ड्रॅगनला एक वकील बी बघून ठेव.”