थेंबभर पेट्रोल न जाळता

आमच्या सासूबाईंना गेली नऊ वर्षं दिसत नाही, आणि जुन्या घरी येणाऱ्या निम्म्या लोकांना याचा पत्ताच नव्हता. खोटं नाही सांगत. पाहुणा आला की त्या कॉटवरून उठायच्या, स्वयंपाकघरात जायच्या, ग्लास भरून आणायच्या. पाहुणा निघताना म्हणायचा, "आजी अजून खुटखुटीत आहेत हो!" मी दार लावून घेतलं की त्या हसायच्या. "त्याला म्हणावं, आजींनी तुझं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही."

चाळीस वर्षं त्यांनी शर्टांच्या कारखान्यात काजं केली. उभा जन्म बटणांच्या भोकांत गेला असं त्याच म्हणतात. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा त्या चार दिवस रडल्या. पाचव्या दिवशी उठल्या आणि घर हातानं पाठ करायला लागल्या. कॉटच्या पायथ्याशी ट्रंक. ट्रंकेच्या कोपऱ्यापासून दोन पावलांवर खुर्चीची पाठ. खुर्चीवरून हात लांब केला की कपाट, आणि कपाट धरून चालत गेलं की सरळ स्वयंपाकघराचं दार. बाथरूम त्याच्या बाजूलाच. कुणाला हाक नाही, कुणाचा हात नाही. मला मेलीला डोळे असून मीठ सापडायचं नाही, ते त्या बरोबर काढून द्यायच्या.

ते कपाट मात्र मला डोळ्यांसमोर नको असायचं. चार दारांचं, सागवानी, अर्धा बोळ अडवून बसलेलं. एक दार लावलं की दुसरं उघडणार. मागे झुरळांची वसाहत. येता-जाता माझं कोपर त्यावर आपटलं नाही असा दिवस गेला नाही. मी किती तरी वेळा बडबडले असेन, की एक तर हे कपाट राहील नाही तर मी.

मग घरमालकाला त्याचं घर मुलीसाठी हवं झालं, आणि आम्हाला पुलापलीकडे दोन खोल्या मिळाल्या. आमच्या ह्यांच्या अंगात वारं शिरलं ते तेव्हा. हे शाळेत प्रयोगशाळा सांभाळतात. कचरा, धूर, प्लॅस्टिक हे विषय निघाले की यांना जेवणाचं भान राहत नाही. माणूस मनानं सोन्यासारखा, पण एकदा डोक्यात घेतलं की संपलं! म्हणाले, "घर हलवायचं, पण थेंबभर पेट्रोल जाळायचं नाही. चिकटपट्टी नाही, थर्मोकोल नाही, एक नवं खोकं विकत घ्यायचं नाही. आणि एकही वस्तू कचऱ्यात जाणार नाही. जी नको ती लागेल त्याला द्यायची."

हौसेला मोल नसतं, म्हटलं करा. कप मोज्यांत घातले, बरण्या टॉवेलांत गुंडाळल्या, आरसा दोन गाद्यांच्या मध्ये. भाजीवाल्याकडून रिकामे क्रेट आणले आणि धुऊन परत द्यायचं कबूल केलं. हातगाडी मागून आणली. पुढे हे, मागे माझा भाऊ. भाऊ म्हणाला, "भावजी, पेट्रोल वाचेल हो, पण माझं तेल निघतंय त्याचं काय?" पण खरं सांगते, मलाही मजा येत होती. सासूबाई कॉटवर बसून चादरींच्या घड्या घालून देत होत्या आणि एकेक वस्तू हातात घेऊन ती कुणाला द्यायची ते सांगत होत्या. ट्रंक धोब्याला गेली. खुर्च्या शिकवणीच्या बाईंना.

शेवटी कपाट उरलं.

हे म्हणाले, "आई, हे काही हातगाडीवर जायचं नाही. टेंपो करावा लागेल. तिकडे भिंतीतच कपाटं आहेत, शिवाय. कोपऱ्यावरच्या सुताराला देऊ या? तो मोडून त्याचं काही चांगलं करील."

सासूबाईंचा हात घडीवर थांबला. मग म्हणाल्या, "दे की. मला कुठे त्याच्या आरशात तोंड बघायचंय?" आम्ही सगळे हसलो. हसणं संपल्यावर त्यांनी माझ्या बाजूला मान वळवली आणि विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

मला माहीत होतं. ह्यांना नव्हतं माहीत, हे दिवसभर शाळेत. पण मी त्यांना रोज बघत होते. एकदा पाहुणे यायचे म्हणून मी एक खुर्ची हातभर सरकवली होती, तर त्या तोंडावर आपटल्या होत्या. वर मलाच म्हणाल्या, माझंच लक्ष नव्हतं. तेव्हापासून मी त्या घरातला स्टूलसुद्धा हलवला नव्हता. मग मला कसं कळलं नाही म्हणू? कळलं होतं. पण इतक्या वर्षांची ब्याद जात होती, माझ्या तोंडून एक शब्द न निघता. सुंठीवाचून खोकला जात होता. मी म्हटलं, "मला काय, तुम्ही म्हणाल तसं." आणि मूग गिळून टॉवेल गुंडाळत बसले.

नव्या घरात शिरताच सगळे म्हणाले, अगदी मोकळं मोकळं वाटतं! वाटणारच. गुळगुळीत भिंती आणि मधे काही नाही. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, हात पुढे केला, आणि हाताला काही लागेना. दोन पावलं टाकली, पुन्हा हात फिरवला. मग जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. "कॉट कुठेय रे?" त्यांनी विचारलं. ह्यांनी हात धरून नेऊन बसवलं.

ह्यांनी शाळेत भाषण केलं त्या आठवड्यात. हातगाडी, मोजे, क्रेट, सगळं सांगितलं. काहीही वाया गेलं नाही म्हणाले. टाळ्या पडल्या म्हणे. घरी येऊन मला सांगत होते तेव्हा सासूबाई कॉटवर होत्या. सकाळी बसवलं होतं तिथेच.

आठ दिवसांत भिंत धरून जाताना त्या दोनदा वाट चुकल्या, एकदा गॅसच्या शेगडीवर हात पडला. मग त्यांनी प्रयत्न सोडला. ह्यांचा चेहरा उतरला. भिंतीला लाकडी दांडा बसवला. बैल गेला नि झोपा केला! सासूबाईंनी एकदा धरून पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे हो," आणि परत जाऊन बसल्या.

मी सुताराकडे गेले. ह्यांना न सांगता. कपाटाची त्यानं दोन टेबलं केली होती, खरोखर सुबक. एकावर त्याची लेक अभ्यास करत होती. सुतार म्हणाला, "वहिनी, असं लाकूड आता मिळत नाही. तुमचे उपकार आहेत." मी काय मागणार? तोंडात मारल्यासारखी परत आले.

त्या दिवशी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. "आई, मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाच बोलायला हवं होतं."

त्या म्हणाल्या, "म्हणून तर विचारलं होतं गं तुला. तू देऊ नका म्हणाली असतीस तर मी दिलं नसतं. मला वाटलं, तुझ्या घरात तुला अडगळ नको आहे. तेही खरंच होतं, नाही का?"

"होतं," मी म्हटलं.

आता त्या हाक मारतात. आधी फारशा मारायच्या नाहीत, आता निरुपायानं मारतात. मी हातातलं टाकून जाते. निदान मला वाटायचं, मी दर वेळी जाते.

काल सकाळी मी ओट्यापाशी होते. कुकर, भाजी, डबे, नेहमीची घाई. सगळं आवरून गॅस बंद केला आणि सहज बाहेर आले, तर सासूबाई कॉटच्या कडेला पाय खाली सोडून बसलेल्या. दोन्ही हातांनी कॉटची कड घट्ट धरलेली, ओठ आवळलेले.

"आई! बाथरूमला जायचंय का? कधीपासून बसलाय अशा?"

"मगापासून," त्या म्हणाल्या. "तुझं होऊ दे म्हटलं आधी."