आई होण्याचा नंबर

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात मी आयसीयूत नर्स होते. नवरा अंबडच्या कारखान्यात. त्यालाही शिफ्ट, मलाही शिफ्ट. तो घरी यायचा तेव्हा मी डबा भरत असायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सासूबाई थेट विचारत नसत, पण गल्लीत कुणाचं बारसं झालं की त्याचं वर्णन मला बसवून ऐकवत.

आमच्या आयसीयूत एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. एका वेळी एकीनेच गरोदर राहायचं. कोरोनानंतर कितीतरी जणी नोकरी सोडून गेल्या होत्या, त्यांच्या जागा भरल्याच नव्हत्या. दोघी एकदम सुट्टीवर गेल्या तर पेशंट कोण बघणार? मी मूल होऊ देण्याचं ठरवलं तेव्हा आधी मेट्रन मॅडमना सांगायला गेले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "एक आत्ताच सुट्टीवर गेलीय. ती परत येऊ दे, मग तुझा नंबर."

मी थांबले. नवरा म्हणाला, आपला संसार तुमच्या मॅडमना विचारून करायचा का? मी त्याच्यावरच चिडले. व्हेंटिलेटरवरची माणसं काय असतात ते तुला काय माहीत, असं काहीबाही बोलले.

ती सुट्टीवर गेलेली परत आली. मी गोळ्या बंद केल्या. आणि त्याच सुमारास आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी दिवस गेल्याचं सांगून मोकळी झाली. ती देवळ्याकडची, कांदा उत्पादकाची लेक, माझ्या हाताखाली काम शिकलेली. तिच्या लग्नात मी जेवून आले होते, त्याला वर्षही झालं नव्हतं. मॅडमनी मला बोलावून घेतलं. "आता काय करणार, राहिलंय तिला. तू समजूतदार आहेस." समजूतदार म्हणजे पुन्हा गोळ्या सुरू कर, एवढं मला कळलं.

तिच्या नाइट माझ्याकडे आल्या. बेशुद्ध पेशंटला कुशीवर वळवायला तिला बोलवायचं नाही, म्हणून ते ओझंही माझ्याकडे आलं. कंबर धरून मी स्टुलावर टेकायचे, तेव्हा वॉर्डातल्या मावश्या तिच्यासाठी पदराखालून चिंचा आणायच्या. जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्यात रोज काहीतरी नवं. सगळ्या जणी वाकून बघायच्या, मीही बघायचे. एकदा ती सलाईनचा वेग कमी-जास्त करत होती आणि दुसरा हात सहज पोटावर गेला होता. मला तिथे उभं राहवेना. हिच्या ओकाऱ्या थांबूच नयेत, असं माझ्या मनात आलं, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

आमच्या चेंजिंग रूममध्येच तिचं डोहाळजेवण झालं. युनिफॉर्मवरच हिरवी साडी गुंडाळली होती. मला मुद्दाम पहिल्यांदा ओटी भरायला लावली, तुझंही लवकर होऊ दे म्हणून. मी भरली. पांगापांग झाल्यावर ताटल्या आवरायला आम्ही दोघीच उरलो.

"ताई, तुम्ही माझ्यावर रागावल्यात," ती म्हणाली.

"माझा नंबर होता."

"मॅडमनी मलाही सांगितलं होतं. मी हो म्हटलं आणि घरी गेले. मी विचारलंच नाही, ताई. तुम्ही कशाला विचारलंत?"

तोवर मी तिच्या पोटावर जळत होते. त्या दिवसापासून तिच्या हो म्हणून घरी जाण्यावर जळू लागले. ते मला कधी जमलं असतं, असं वाटत नाही.

मग मीही कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पण आता दिवस राहीनात. डॉक्टर म्हणाले वय, म्हणाले जागरणं, म्हणाले टेन्शन. नक्की काय ते कुणी सांगितलं नाही. तिला मुलगा झाला, परत आल्यावर तिने भांडून ओपीडीतली दिवसाची ड्युटी घेतली. मी आयसीयू सोडलं आणि देवळाली कॅम्पात एका छोट्या दवाखान्यात लागले. पगार कमी, पण संध्याकाळी घरी. उपचार बरेच दिवस चालले, तेव्हा कुठे मुलगी झाली. दुसऱ्या बाळाचा विचार करू नका, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं.

परवा कॅम्पातल्या बाजारात ती भेटली. मुलगा शाळेच्या गणवेशात, आणि पोट पुन्हा पुढे आलेलं. अजून तिथेच आहे, म्हणाली. आता तरी मॅडमना विचारलंस का, असं मी हसत म्हटलं. तीही हसली, माझ्या मुलीचा गाल ओढला, अगदी तुमच्यावर गेलीय म्हणाली. चांगली मुलगी आहे ती, होतीच.

रिक्षात बसल्यावर मी मुलीला एवढं घट्ट धरलं की ती दुखतंय म्हणून ओरडली. हात सैल केला. तिला कारण सांगण्यासारखं नव्हतं.